‘कालचा इराण आणि आजचा इराण’ : मुंबईत बनलेल्या पहिल्या फार्सी बोलपटाविषयी

फार्सी भाषेतला पहिला बोलपट तेहरानमध्ये बनला नाही, मुंबईत बनला. ‘दुख्तर-ए-लोर’, म्हणजे ‘लोर मुलगी’, हे त्याचे नाव. निर्मिती इम्पीरियल फिल्म कंपनीची. याच कंपनीने १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लावला होता. मालक अर्देशिर इराणी, जन्माने पुण्याचे. ‘लोर मुलगी’ची कथा आणि संवाद अब्दुलहुसैन सेपन्ता या तरुण इराणी लेखकाचे, नायकाचे कामही त्यानेच केले. १९३३ च्या अखेरीस हा बोलपट तेहरानमध्ये लागला आणि लोकांनी गर्दी केली. पडद्यावरची माणसे आपल्या भाषेत बोलतात, हे तिथल्या प्रेक्षकाने प्रथमच अनुभवले. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उरलेली नाही, ‘लोर मुलगी’ मात्र टिकली. प्रत झिजलेली आहे, आवाज खरखरतो, पण पाहता येते.

आपल्याकडे या चित्रपटाचा उल्लेख होतो तो अर्देशिर इराणींच्या कर्तबगारीतली एक ओळ म्हणून. इराणी अभ्यासक ‘पहिला’ म्हणून त्याला मान देतात. दोन्हीकडे फारसे लक्ष जात नाही ते त्याच्या जोडनावाकडे. जाहिरातीत या बोलपटाचे दुसरे नाव होते ‘कालचा इराण आणि आजचा इराण’. मला या चित्रपटात रस निर्माण झाला तो या जोडनावामुळे. इराणच्या आधुनिक इतिहासाचे दोन तुकडे करायचे, एकाला ‘काल’ म्हणायचे, दुसऱ्याला ‘आज’, आणि मधला सांधा सत्ताधाऱ्याच्या नावाने भरून टाकायचा, ही रीत पुढे इतकी रुळली की शाहने ती वापरली, शाहला घालवणाऱ्यांनी वापरली, आणि आता आपल्या फोनवर येणारी छायाचित्रांची जोडीही तीच वापरते. डावीकडे १९७० च्या सुमाराची आखूड झग्यातली तेहरानची मुलगी, उजवीकडे काळ्या चादरीतली बाई. खाली मजकूर नसला तरी चालतो.

म्हणून ही रीत जिथे कथेच्या रूपात प्रथम एवढी ठसठशीत दिसते, तो चित्रपट नीट पाहायला हवा.

कथा साधी आहे. गुलनार ही मुलगी लहानपणी दरोडेखोरांनी पळवलेली. मोठी झाल्यावर ती वाटेवरच्या एका कहवाखान्यात नाचते. जाफर हा सरकारी माणूस. दरोडेखोरांचा बंदोबस्त करण्यासाठी तो त्या भागात आलेला. दोघांचे प्रेम जमते. टोळीचा नायक कुली खान मध्ये येतो. पकडापकडी, सुटका, मारामारी, शेवटी कुली खानाचा अंत. त्यानंतर ही दोघे त्या बेबंद मुलखात राहत नाहीत. पळून मुंबईला येतात. मुंबईत ती नव्या पद्धतीने सजवलेल्या दिवाणखान्यात दिसतात, तिथे पियानो आहे, देशाच्या गौरवाचे गाणे आहे. मायदेशी आता नवी राजवट आली, सुव्यवस्था आली, असे कळते आणि दोघे परत जायला निघतात. डोंगरातला कहवाखाना म्हणजे काल. परतीची वाट म्हणजे आज.

आता या कथेतली एक विलक्षण गोष्ट पाहा. चित्रपटाचे नाव ‘लोर मुलगी’, पण नायिका लोर नाही. ती पळवून आणलेली, मूळची बऱ्या घरची. ती भूमिका करणारी रूहअंगीज समीनेजाद किर्मान प्रांतातल्या बम गावची, आणि तिच्या बोलण्यातला किर्मानी हेल लपत नाही. कथेत पळवापळवी असल्यामुळे तो हेल खपून जातो. मग लोर आहेत कुठे? ते दरोडेखोर आहेत. शीर्षकात ज्यांचे नाव, ते कथेत फक्त मारले जाण्यासाठी येतात.

लोर हे इराणच्या पश्चिमेकडच्या झाग्रोस डोंगररांगांतले लोक. उन्हाळ्यात वर, हिवाळ्यात खाली असे कळपांबरोबर फिरणारे. त्यांची बोली फार्सीच्या जवळची. बख्तियारी ही यांच्यातलीच मोठी शाखा मानली जाते. हे लोक वाटमारी करत होते का? काही टोळ्या करत होत्या, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात तर इराणातला कोणताच रस्ता भरवशाचा नव्हता. १९०७ च्या करारात इंग्लंड आणि रशिया यांनी देशाची प्रभावक्षेत्रे वाटून घेतली होती. युद्धात रशियन, तुर्की, इंग्रज फौजा तटस्थ इराणात घुसल्या. युद्धाच्या शेवटच्या वर्षांत भयंकर दुष्काळ पडला. अशा माणसाला कोणी ‘रस्ता सुरक्षित झाला’ असे सांगितले, तर त्याला वाटणारा आनंद खोटा नसतो. तेहरानच्या प्रेक्षकाने टाळ्या वाजवल्या त्या सगळ्याच धाकाने वाजवल्या, असे मी म्हणणार नाही.

पण ‘काल’ म्हणजे नुसती बेबंदशाही हे मात्र खोटे आहे. चित्रपटाने ज्याला काल म्हटले, त्यात १९०६ ची घटनात्मक क्रांती बसते. बाजारातले व्यापारी, मौलवी, छापखान्यात काम करणारे, गुप्त मंडळ्या चालवणाऱ्या स्त्रिया यांनी मिळून काजार शाहकडून मजलिस, म्हणजे संसद, मिळवली. आशियातल्या पहिल्या अशा लढ्यांपैकी हा एक. दोनच वर्षांत, जून १९०८ मध्ये, नव्या शाहने ती संसद तोफांनी उडवली. तोफा डागणारे दल होते कोसॅक ब्रिगेड, रशियन अधिकाऱ्यांच्या हाताखालचे. तब्रीझ शहर अनेक महिने वेढ्यात लढत राहिले. आणि जुलै १९०९ मध्ये तेहरानवर चालून येऊन ज्यांनी शाहला पळवले व घटना परत आणली, त्या दोन फौजांपैकी एक उत्तरेकडच्या गिलानची होती, दुसरी होती बख्तियारींची. म्हणजे लोरांची.

याच कोसॅक दलातून पुढे रझा खान वर आला. फेब्रुवारी १९२१ मध्ये त्याने राजधानी ताब्यात घेतली, डिसेंबर १९२५ मध्ये तो रझा शाह पहलवी झाला. १९०८ च्या तोफांशी त्याचे नाव जोडण्याचे मला कारण नाही. पण संस्था तीच. संसद पाडणाऱ्या दलातला माणूस ‘आज’ झाला आणि संसद परत आणणाऱ्यांचे भाऊबंद ‘काल’ झाले. चोवीस वर्षांत झालेली ही अदलाबदल चित्रपट किती सहज गिळून टाकतो!

पडद्याबाहेर या काळात लोरिस्तानात काय चालले होते? १९२० च्या दशकात तिथे लष्करी मोहिमा झाल्या. त्यांचा सेनापती अमीर अहमदी याला पुढे ‘लोरिस्तानचा खाटीक’ म्हटले जाई. मग आले ते ‘तख्ते कापू’ नावाचे धोरण: फिरत्या टोळ्यांना एका जागी बसवायचे, तंबू सोडायला लावायचे, स्थलांतराच्या वाटा रोखायच्या. कळप मेले, माणसेही मेली. चित्रपटात एकटा जाफर शौर्याने करतो ते काम प्रत्यक्षात तोफा, चौक्या आणि सक्ती करत होती.

एक योगायोग सांगून पुढे जातो; त्यावर कोणताही निष्कर्ष उभारायचा नाही. १९०९ च्या बख्तियारी सरदाराचा मुलगा रझा शाहचा युद्धमंत्री होता. हा बोलपट तेहरानमध्ये गर्दी खेचत होता त्याच सुमाराला, नोव्हेंबर १९३३ मध्ये, शाहने त्याला अटक केली. पुढच्या वर्षी तो तुरुंगात मेला. त्याचे नाव जाफर कुली खान. नायकाचे आणि खलनायकाचे नाव एकाच माणसात.

मग प्रश्न येतो की ही ‘काल-आज’ची मांडणी मुंबईत का बनली. तेहरानमध्ये तंत्र नव्हते, मुंबईत बोलपटाची यंत्रे होती, हे झाले सोपे उत्तर. तेव्हा इराणात ओवानेस ओहानियान मूकपटच काढत होता. त्याचा ‘हाजी आगा’ हा चांगला, खट्याळ चित्रपट ‘लोर मुलगी’च्या आवाजापुढे बिचारा टिकला नाही. पण यंत्राने फक्त आवाज दिला. स्वप्न कोणाचे होते?

ते मुंबईतल्या पारशी आणि इराणी मंडळींचे होते, असे माझे मत आहे. इराणातल्या जरथुश्त्री लोकांवर शतकानुशतके जिझिया होता. १८५४ मध्ये मुंबईच्या पारशांनी माणेकजी लिमजी हातारिया यांना तिकडे धाडले. त्यांच्या आणि त्यांच्या सोबत्यांच्या चिकाटीने १८८२ मध्ये तो कर उठला. ज्यांच्या घरात ही आठवण ताजी, त्यांना इस्लामपूर्व इराणचा अभिमान मिरवणारा रझा शाह तारणहार वाटला तर आश्चर्य नाही. १९२२ मध्ये मुंबईत इराण लीग स्थापन झाली. दीनशा इराणी हे वकील तिचे आधारस्तंभ. १९३२ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर इराणला गेले तेव्हा तेही तिकडे होते. सेपन्ता मुंबईत जुन्या इराणचा अभ्यास करत होता तो याच दीनशांच्या आश्रयाने. पारशांनी इराणला परतावे का, तिथे भांडवल गुंतवावे का, याच्या चर्चा या मंडळींत होत असत. शेवटी गुलनार आणि जाफर मुंबईहून मायदेशी निघतात ते या दिवाणखान्यांतल्या चर्चेतून. ज्यांनी कधी लोरिस्तान पाहिले नव्हते, त्यांनी मुंबईत लोरिस्तान उभे केले.

मी मोडी कागद वाचता यावेत म्हणून फार्सी शब्द गोळा करू लागलो आणि त्या वाटेने इराणकडे वळलो. त्यामुळे मला ही मुंबईची बाजू परकी वाटत नाही. यज्द आणि किर्मानहून आलेल्या माणसांनी आपल्या शहरांत कोपऱ्यावर हॉटेले घातली. त्यांचा चहा आपण तीन पिढ्या प्यालो. त्या माणसांनी मायदेशाचे सुखस्वप्न पाहिले, यात दोष कसला? दोष आहे तो ते स्वप्न इतिहास म्हणून पुढे वाचले गेले यात.

आणि त्या वर्षी ‘आजचा इराण’ खरोखर कसा होता? एप्रिल १९३३ मध्ये शाहने इंग्रज तेल कंपनीशी नवा करार केला आणि सवलत साठ वर्षांची, म्हणजे १९९३ पर्यंतची, करून टाकली. हे तेल प्रथम सापडले होते १९०८ मध्ये मस्जिद-ए-सुलेमान इथे, बख्तियारींच्या हिवाळी कुरणांत. तेव्हा कंपनीला खानांशी बोलणी करून त्यांना थोडा हिस्सा द्यावा लागला होता. आता त्याची गरज उरली नव्हती. ऑक्टोबर १९३३ मध्ये शाहचा एके काळचा उजवा हात, दरबारमंत्री तैमूरताश, तुरुंगात मेला. १९३१ च्या कायद्याने डाव्या विचारांच्या संघटनाच गुन्हा ठरल्या होत्या. संसद होती, पण सदस्य कोण हे वरून ठरत होते. मुंबईच्या दिवाणखान्यातून यातले काही दिसत नाही.

सेपन्तालाही हे लवकरच कळले असावे. १९३४ मध्ये फिर्दौसीच्या सहस्राब्दीनिमित्त त्याने मुंबईत ‘फिर्दौसी’ काढला. त्यात सुलतान महमूद कवीला त्याचा मोबदला नाकारतो, ही सगळ्यांना ठाऊक असलेली कथा होती. राजाने कवीशी असे वागणे शाहला रुचले नाही आणि तो भाग बदलावा लागला. ‘आजच्या इराण’ची द्वाही फिरवणाऱ्याच्या चित्रपटाला वर्षभरात आजच्या इराणची कात्री लागली. ‘शिरीन व फरहाद’, ‘चश्महा-ए-सियाह’, आणि कलकत्त्यात केलेला ‘लैला व मजनू’ असे आणखी तीन चित्रपट करून तो मायदेशी परतला. तिथे सरकारने आणि चित्रगृहवाल्यांनी त्याला इतके थंड वागवले की त्याने पुन्हा बोलपट केला नाही. पुढे इस्फहानला त्याने वर्तमानपत्र चालवले. १९६९ मध्ये तो गेला.

समीनेजादची हकिकत याहून कठीण आहे, आणि माझ्या मते या चित्रपटाचे खरे परीक्षण तिच्या आयुष्यानेच केले. तिचा जन्म १९१६ चा. लहान वयात लग्न झाले. नवरा इम्पीरियलमध्ये नोकरीला होता म्हणून ती मुंबईत. अभिनयाची तयारी कसलीच नव्हती. तरी चित्रपटात जिवंत काय आहे असे कोणी विचारले, तर मी तिचे नाव घेईन. सेपन्ता पाठ केलेले बोलतो, ती बोलते. तेहरानविषयी तिच्या तोंडी असलेले एक वाक्य जुन्या इराणी माणसांत म्हणीसारखे टिकले, ते त्या हेलामुळेच. शहरी, नीटनेटक्या ‘आज’साठी बनवलेल्या चित्रपटात लोकांनी मनात ठेवला तो आडगावचा उच्चार.

या कामाबद्दल तिला काय मिळाले? शिव्या, धमक्या, नातलगांचा दुरावा. बिनबुरख्याने कॅमेऱ्यापुढे उभी राहून नाचणारी मुसलमान बाई तिच्या स्वतःच्या माणसांनाही नको झाली. ‘शिरीन व फरहाद’मध्ये ती दिसली, आणि मग नाहीच. १९७० मध्ये मोहम्मद तहामीनेजाद यांनी इराणी सिनेमाच्या आरंभकाळावर माहितीपट केला, तेव्हा तिची मुलाखत घेतली. तोवर बहुतेकांच्या लेखी ती नाहीशी झालेली होती.

‘आजचा इराण’ तिला वाचवू शकला नाही, हे जितके खरे तितकेच हेही खरे की दोनच वर्षांत त्याने प्रत्येक बाईचा पदर हिसकावला. जुलै १९३५ मध्ये पाश्चात्त्य टोपीच्या सक्तीविरुद्ध मशहदच्या गौहरशाद मशिदीत जमलेल्या लोकांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या. ८ जानेवारी १९३६ रोजी शाह, राणी आणि राजकन्यांनी उघड्या चेहऱ्याने तेहरानच्या शिक्षक महाविद्यालयात समारंभ केला आणि चादर बंद झाली. पोलीस रस्त्यावर चादरी ओढू लागले. काही शिकलेल्या स्त्रियांना यात खरोखर मोकळीक मिळाली. त्यांच्या आठवणी प्रामाणिक आहेत. पण कित्येक बायका घराबाहेर पडेनाशा झाल्या, हमामला जाणेही अवघड झाले. पडद्यावरची एक बाई चालत नव्हती आणि रस्त्यावरची सगळ्यांची सक्ती चालत होती, कारण दोन्हीकडे निर्णय बाईचा नव्हता.

१९७९ नंतर हीच मांडणी उलटी झाली. आता पहलवींचा सगळा काळ ‘काल’ ठरला, ताघूतचा, आणि नवी राजवट ‘आज’. खोमेनींचे हिजाबविषयीचे बोलणे प्रसिद्ध होताच ८ मार्च १९७९ पासून तेहरानच्या रस्त्यांवर हजारो स्त्रिया उतरल्या. त्यांतल्या कित्येकींनी शाहविरोधी मोर्चेही काढले होते. त्यांना काल आणि आज या दोन्हींत जागा नव्हती. १९८३ च्या कायद्याने उघड्या डोक्याला चौऱ्याहत्तर फटक्यांची शिक्षा आली.

आता फोनवरची ती जोडी पुन्हा पाहू. आखूड झग्यातली मुलगी खोटी नाही, तेहरानच्या एका भागात ती होती. पण १९७६ च्या जनगणनेत लिहितावाचता येणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण जेमतेम ३६ टक्के होते. चादरीतल्या बाईच्या काळात मुली शाळेत गेल्या, आणि शतक बदलताना विद्यापीठात प्रवेश घेणाऱ्यांत त्या निम्म्याहून अधिक झाल्या. म्हणून उजवे चित्र बरे, असा अर्थ कोणी काढू नये. १९७५ च्या कुटुंब कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय १८ केले होते; क्रांतीनंतर ते ९ वर आले आणि २००२ मध्ये कसेबसे १३ झाले. म्हणजे एकीकडे पुस्तक हातात आले आणि दुसरीकडे कायद्याने वय काढून घेतले. पदवी हातात असलेली आणि न्यायालयात जिची साक्ष अर्धी धरली जाते अशी बाई त्या दोनही छायाचित्रांत कुठेच नाही. तिला समजून घेतल्याशिवाय २०२२ मध्ये काय झाले हे कळत नाही.

आणि २०२२ सुरू कुठे झाले? तेहरानच्या पोलीस कोठडीत कोसळलेली महसा अमिनी सक्केझची, कुर्द. घरचे नाव झिना. १७ सप्टेंबरला तिच्या दफनाच्या वेळी सक्केझमध्ये बायकांनी डोक्यावरचे रुमाल काढले. ‘स्त्री, जीवन, स्वातंत्र्य’ ही घोषणा फार्सीत येण्यापूर्वी कुर्दीत होती. ३० सप्टेंबरला सर्वाधिक माणसे मारली गेली ती बलुचिस्तानच्या झाहेदानमध्ये. नोव्हेंबरमध्ये सगळा देश हादरला तो इझे गावातल्या नऊ वर्षांच्या मुलाच्या मृत्यूने. इझे बख्तियारी मुलखात आहे. सेपन्ताच्या पडद्यावर जिथे फक्त दरोडेखोर राहत होते, त्याच डोंगरांत. देश वाचवायला निघालेला सरकारी माणूस आणि वाचवून घेण्याजोगी बाई, या दोघांच्या पलीकडे त्या चित्रपटाला तिथे कोणी दिसले नव्हते.

हा चित्रपट पाहावा असे मी आवर्जून सांगेन. इतिहास म्हणून पाहायचा असेल तर शेवटचा पियानो सोडून द्यावा आणि कहवाखान्यातली दृश्ये दोनदा पाहावीत. तिथे समीनेजाद सोळा-सतरा वर्षांची आहे. चादरबंदी आली तेव्हा ती विशीत होती. ऑगस्ट १९५३ मध्ये तेल राष्ट्राच्या मालकीचे करणाऱ्या मोसद्देक यांचे सरकार इंग्रज-अमेरिकी मदतीने उलथवले गेले तेव्हा सदतिशीची. क्रांतीच्या वर्षी त्रेसष्टची, आणि डोके झाकण्याचा कायदा आला तेव्हा सदुसष्टची. १९९७ मध्ये ती तेहरानमध्ये वारली.